चावीवाल्या म्हातारीचं हसू

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. सोबतचं खोकं जपून उघड, आत माणसं आहेत.

हसू नकोस, खरंच आहेत. करड्या प्लॅस्टिकच्या एका चौकटीत पाच जण अडकलेत: भालेवाला शिपाई, कुत्रा, ढोलवाला, चोर आणि एक म्हातारी. प्रत्येक जण तुझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. टेबलावर नकाशा मांडून, फासे टाकून तास न् तास खेळायचे खेळ असतात ना, त्यातली ही माणसं. लोक ती चौकटीतून कापून घेतात, चिकटवतात, बारीक कुंचल्याने रंगवतात आणि मगच खेळायला बसतात. अडीच वर्षं मी इथे नेमकं काय करते असं तू दर भेटीत विचारतोस, ते हे. मी कॉम्प्युटरवर मूर्ती घडवते, खाली कारखान्यात तिचा पोलादी साचा कापतात आणि साच्यातून अशा चौकटी निघतात.

म्हातारी माझी आहे. बाकीचे चौघे माझ्या वरिष्ठांचे. ती गावाच्या दरवाज्याची राखणदार, कमरेला चाव्यांचा जुडगा, डाव्या हातात कंदील, आणि ती हसतेय. डब्याच्या झाकणावर तिचंच चित्र येणार आणि बाजूला मूर्तिकार म्हणून माझं नाव. म्हणजे, येणार होतं. आमच्याकडे प्रत्येक नमुना तपासणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना चाळणी म्हणतात. त्या तीनच शब्द वापरतात: उत्तम, चालेल, बाद. माझ्या म्हातारीला त्यांनी 'चालेल' दिलं. का, ते सांगत नाहीत. म्हणतात, ते शोधायचाच तुला पगार मिळतो.

झाकणावरच्या मूर्तीला 'चालेल' चालत नाही. साचा अजून कच्चा आहे, त्यामुळे डोक्यापुरता तुकडा नव्याने कापता येईल, पण एकदाच. २० मार्चला दुसरी तपासणी. तेव्हाही 'उत्तम' मिळालं नाही तर माझी म्हातारी डब्यातून बाहेर आणि तिच्या जागी वरिष्ठांचा जादूगार आत.

तू चाळीस वर्षं कवळ्या केल्यास. मेण, साचा, भिंग, सगळं तुझ्या हातातलं. फोनवर विचारलं तर तू 'बरं, बरं' करून ठेवून देतोस, म्हणून लिहिते. खरं सांग, हिचं काय बिघडलंय?

आणि आईला यातलं काही कळू देऊ नकोस. लेकीची मूर्ती दुकानात येणार म्हणून तिने अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलंय. परवा तर दूधवाल्यालाही सांगितलं.

तुझी,
बारकी


१२ फेब्रुवारी

बारके,

आशीर्वाद. खोकं पोचलं. मी दात करतो, बाहुल्या नाही, हे आधी लिहून ठेवतो. मग तुझी माणसं चार दिवस माझ्या टेबलावर का उभी आहेत असं विचारशील, तर जागा रिकामी होती म्हणून.

आता विचारलंच आहेस तर ऐक. पहिलं म्हणजे दिवा खाली आणला, टेबलाच्या पातळीला. समोरून उजेड टाकला की सगळंच छान दिसतं. आडव्या उजेडात लबाडी उघडी पडते. मग नख फिरवलं. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्लॅस्टिकवर रेघ राहते, ती डोळ्याआधी नखाला कळते. मग पातळ काळी शाई चोपडली आणि फडक्याने पुसली. जिथे खरंच कोरलंय तिथे शाई बसून राहते. जिथे नुसतं कोरल्यासारखं आहे तिथून ती पुसून जाते. आणि शेवटी हात लांब करून बघितलं, भिंगाशिवाय.

शिपाई चोख आहे. चिलखताच्या कड्या मोजता येतात. भाल्याचं टोक वाकलंय, पण तो दोष पोस्टाचा. कुत्रा फार सुरेख. ज्याने केला त्याच्या घरी कुत्रा असणार, नाहीतर मागचा पाय असा दुमडणं सुचायचं नाही. ढोलाच्या दोऱ्या एका कुशीला मऊ पडल्यात, कडा उठलेल्या नाहीत. चोराच्या बुटाला तळाशी खळगा आहे, तिथे प्लॅस्टिक जाड होतं आणि थंड होताना आत ओढलं गेलं. जाड कवळीला आमच्याकडेही हेच होतं. हे तुझ्या त्या वरिष्ठांना सांग, माझं नाव न घेता.

आता म्हातारी. चाव्या बघून मी तोंडात बोट घातलं. सात चाव्या आणि सातही वेगळ्या! शालीच्या खाली गुडघा कळतो. कंदील धरलेल्या हाताचं मनगट थकलेलं आहे, ते मला फार आवडलं. हे ज्याचं काम आहे त्याला हात आहे, एवढं मी कोणापुढेही सांगेन. अशा खुशीत मी मानेपर्यंत चढलो आणि तिथे सगळं मुसळ केरात.

तुझ्या म्हातारीला तोंडच नाही. मोहरीएवढ्या जागेत तू बत्तीस दात कोंबलेस. मी भिंग लावून मोजायला बसलो, मोजता येईनात. शाई पुसली तर एकही दात मागे राहिला नाही, सपाट पट्टी. वर साच्याची रेघ बरोबर नाकावरून खाली आलीय. डोकं जरा वळव, म्हणजे रेघ कानामागे केसांत जाईल आणि कोणाला दिसणार नाही. पण तोंडाचं काय करायचं ते तूच बघ. ती हसते असं तू लिहिलंयस म्हणून मला कळलं.

मामा


१७ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र ऑफिसातच उघडलं, ती चूक झाली.

सोबत कागदावर छापलेलं चित्र पाठवतेय. हे तिचं डोकं, पडद्यावर मी करते तसं. बघ नीट. प्रत्येक दात वेगळा आहे, हिरड्या आहेत, खालच्या ओठाला भेग आहे. डोळ्यांना पापण्या आहेत, मामा, पापण्या! सहा आठवडे घालवलेत मी ह्या चेहऱ्यावर. आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी येऊन बघितला आणि वाहवा केली. तू म्हणतोस तोंडच नाही.

तुला दातांपलीकडे काही दिसत नाही, हे आई नेहमी सांगते ते खोटं नाही. आणि राग मानू नकोस, पण तुझं वयही झालंय. भिंग लावूनसुद्धा आता नीट दिसत नसेल. कॉम्प्युटरवर काम कसं चालतं ते तुला ठाऊक नाही, त्यात तुझा दोष नाही. मीच तुला विचारायला नको होतं.

रेघेचं मात्र बरोबर सांगितलंस. डोकं वळवते आहे.

बारकी


२ मार्च

बारके,

दोन आठवडे गप्प होतो, कारण काम चालू होतं.

मला दिसत नाही असं तू म्हणालीस. ठीक आहे, धरून चालू. मग ज्यांना दिसतं त्यांना विचारावं म्हणून तुझी माणसं उचलली आणि दवाखान्यात घेऊन गेलो. बाहेर पेशंट बसतात त्या खोलीत मासिकं ठेवायचं टेबल आहे. मासिकं बाजूला सारली आणि पाचही जणांना ओळीने उभं केलं. जो येईल त्याला एकच प्रश्न: हात लावायचा नाही, वाकायचं नाही, खुर्चीतूनच सांगायचं, हे कोण आणि काय करतंय?

शिपाई सगळ्यांनी ओळखला. कुत्र्याला तर एका आजीबाईंनी यू-यू केलं. म्हातारीला बारा जणांनी बघितलं. पाच म्हणाले, रडतेय. एक म्हणाला, पाणी पितेय. आणि सहा जणांनी ठासून सांगितलं की हिची दाढ दुखतेय. आता दातांच्या दवाखान्यात माणूस दुसरं काय बघणार, ही माझी चूक, जागा बदलायला हवी होती. म्हणून ते सहा सोडून दे. तरी उरलेल्या सहांतला एकही हसतेय म्हणाला नाही.

चित्र बघितलं. पापण्या सुंदर आहेत. पण अगं, तू तिचं डोकं कलिंगडाएवढं करून कोरतेस. खेळणाऱ्याच्या हातात कलिंगड कुठे येणार? त्याच्या वाट्याला मोहरी आहे, आणि तीही हातभर लांब. तुझी मेहनत खरी, पण ती पडद्यातच राहून गेली. इतक्या लहान जागेत सगळं खरं केलं की काहीच खरं दिसत नाही. थोडंच करायचं आणि ते खोल करायचं.

आता माझ्या धंद्यातलं एक सांगतो. कवळी करायची असली की मी त्या माणसाचा जुना, हसतानाचा फोटो मागतो. सगळे दात एका ओळीत, एका मापाचे बसवले की घरचे म्हणतात, छान आहे, पण आमचे बाबा वाटत नाहीत. त्यांचा एक दात जसा मूळचा वाकडा होता तसा बसवला, नाहीतर एक फट होती तशी सोडली, की बाबा परत येतात. तुझ्या आईच्या पुढच्या दातांत फट होती, डावीकडे. मी कवळीत ती ठेवली. पैसे देऊन नवे दात केले आणि हा शहाणा जुनी फट परत देतो म्हणून महिनाभर माझ्याशी बोलली नाही. आज ती कवळी बदलू म्हटलं तर बदलू देणार नाही.

तुझ्या म्हातारीला चार दात दे. मोठे, वेगवेगळे. आणि एक फट. फटीत अंधार बसतो, आणि दात दिसतात ते त्या अंधारामुळे. गाल वर उचल, डोळ्यांखाली एकच घडी घाल, खोल. पापण्या काढून टाक. जीव कळवळेल, तरी काढ.

लिहून समजायचं नाही म्हणून डोकं करून पाठवलंय, मेणाचं, लिंबाएवढं. गुलाबी आहे, कारण माझ्याकडे हिरड्यांचंच मेण असतं. ते लांबून बघ, खोलीच्या टोकावरून.

हो, आणि कपाळ आणि गालाची हाडं कोणाची आहेत ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. माझी बहीण आहे ती. तिला तोंड नाही म्हणून तर एवढा चिडलो.

मामा


७ मार्च

मामा,

काय लिहू? मेणाचं डोकं खोक्यातून काढलं, खिडकीत ठेवलं, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि वळून बघितलं. आई माझ्याकडे बघून हसत होती. गुलाबी आई. मी तिथेच रडले, आणि मग हसले, आणि शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं की दाढ दुखतेय का. (हे शेवटचं खोटं आहे. बाकी सगळं खरं.)

तिचा फोटो समोर ठेवून मी म्हातारी घडवली हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. जमलं असतं तर झाकणच तिच्या हातात ठेवणार होते.

काल आईशी बोलताना सहज विचारलं, मामा दवाखान्यात किती वाजता जातो. ती आधी टाळत होती, मग बोलली. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी कवळ्या करायचं यंत्र आणलं. कॉम्प्युटरवर दात घडवतात आणि यंत्र ते कापून देतं. आठ महिने झाले, तुला एक काम आलेलं नाही. तरी तू रोज इस्त्रीचा शर्ट घालून जातोस आणि बाहेरच्या खोलीत बसतोस.

आणि मी तुला लिहिलं की तुला दिसत नसेल. मी तुला लिहिलं की कॉम्प्युटरवर काम कसं चालतं ते तुला ठाऊक नाही. मामा, माझं चुकलं. हे माझं काम तुझ्या कामाला खाऊन बसलेल्या यंत्राचंच भावंड आहे, आणि तू त्यातली माझी मूर्ती सुधारायला दोन आठवडे दिलेस. मला माफ कर.

पापण्या काढल्या. जीव कळवळला.

बारकी


१० मार्च

बारके,

माफीबिफी राहू दे. कीव तर मुळीच नको, माझे हात शाबूत आहेत आणि डोळे तुझ्या चाळणीबाईंपेक्षा बरे आहेत. मला काम आलं नाही म्हणून मला काम येत नाही असं होत नाही. शर्टाला इस्त्री मी चाळीस वर्षं करतोय, यंत्र आलं म्हणून चुरगळलेला घालू?

यंत्र दात चांगले कापतं. कोणता वाकडा ठेवायचा ते त्याला कोणी तरी सांगावं लागतं, इतकंच.

वीस तारखेला दहाच दिवस उरलेत. पत्रं लिहीत बसू नकोस, कामाला लाग.

मामा


२१ मार्च

प्रिय मामा,

सोबत नवी चौकट. आधी पत्र वाच, मग उघड. (तू आधी उघडलीच असशील.)

काल अकराला तपासणी होती. चाळणीबाई आल्या, दिवा खाली ओढला, आडवा. मी मनात म्हटलं, अरे, हे तर ओळखीचं आहे. म्हातारी चिमट्यात धरली, नखाने कानामागची रेघ तपासली, चाव्यांवरून भिंग फिरवलं. मग भिंग ठेवलं, हात लांब केला आणि बघत राहिल्या. माझे वरिष्ठ काही तरी बोलायला लागले तर त्यांना हातानेच गप्प केलं. आणि मामा, त्या हसल्या! इथे सहा वर्षं असलेला माणूस सांगतो की त्याने त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं. मूर्ती खाली ठेवली, कागदावर 'उत्तम' लिहिलं आणि जाता जाता विचारलं, तोंड कोणी शिकवलं?

मी म्हटलं, माझ्या मामाने. तो कवळ्या करतो.

त्या म्हणाल्या, मग बरोबर आहे. आणि गेल्या.

झाकणावर म्हातारी येतेय. बाजूला माझं नाव येतंय. वरिष्ठांनी स्वतः येऊन हात मिळवला, आणि चोराच्या बुटाचा खळगाही भरून घेतलाय बरं का.

आता कबुली. तुझं मेणाचं डोकं मी जसंच्या तसं घेतलं नाही. दात चारच आहेत, गाल तुझे आहेत, डोळ्यांखालची घडी तुझी आहे. पण फट मी हलवली. तू डावीकडे ठेवली होतीस, मी उजवीकडे नेली. तू का म्हणून विचारशील, म्हणून घाबरत लिहिते. रेघ लपवायला डोकं कंदिलाकडे वळवलं ना, मग तोंडाची डावी बाजू पलीकडे गेली. तिथली फट समोरून दिसेचना, आणि हसू परत गेलं. तीन दिवस डावीकडेच ठेवून झगडले, कारण तू कोरलंयस आणि आईचीही तिथेच आहे. शेवटी हलवली. तुला पटलं नसेल तर स्पष्ट लिही, मी ऐकून घेईन. साचा मात्र आता पक्का झालाय.

तुझी,
बारकी


३० मार्च

बारके,

अनेक आशीर्वाद.

चौकट मी आधी उघडली. तुझी म्हातारी कापून घेतली, कड तासली, टेबलावर उभी केली आणि मागे सरकलो. चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. शाई चोपडून पुसली. चारही दात मागे राहिले आणि फटीत बरोबर अंधार बसला. मग दवाखान्यात नेली. या वेळी बारा नाही, वीस जणांना विचारलं. अठरा म्हणाले हसतेय, तेही माझा प्रश्न पुरा व्हायच्या आधी. एक म्हणाला, हिने कोणाला तरी दाराबाहेर ठेवलंय आणि तिला मजा येतेय. विसाव्याची दाढ काढायची होती, त्याला काही विचारण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टरही बाहेर आले. हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, सुरेख आहे, यंत्रावर केलीय ना? मी म्हटलं, यंत्रावर नाही, माझ्या भाचीने केलीय. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या, खोटं कशाला सांगू. मग मी त्यांना तुझं सगळं पुराण ऐकवलं, पेशंट आत खुर्चीत आ करून बसला होता तरी. सोमवारपासून यंत्रातून निघालेल्या कवळ्या माझ्या टेबलावरून पुढे जाणार आहेत. त्यांनी विचारलं, मी दोन मिनिटं विचार केल्यासारखं केलं आणि हो म्हटलं.

तुझ्या आईला मी काही दाखवलेलं नाही. झाकण छापून आलं की ते घेऊन तू स्वतः ये. तो तुझा मान आहे, माझा नाही.

आता फटीचं. तुझं पत्र वाचलं तेव्हा रागच आला, लपवत नाही. बहिणीची फट डावीकडे आहे हे जगात माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तडक मेणाचा गोळा घेतला, नवं डोकं कोरलं, फट डावीकडे ठेवली आणि तुला दाखवून देऊ म्हणून मान वळवली. फट दिसेना. पुन्हा कोरलं, पुन्हा वळवली. दिसेना. तेव्हा कळलं. कवळीला मान नसते, बारके. ती टेबलावर सरळ माझ्याकडे तोंड करून बसलेली असते, जन्मभर मी ती तशीच बघितली. डोकं वळव असं तुला मीच सांगितलं, आणि तुझ्यासाठी कोरताना ते सरळच कोरलं. माणूस मान वळवतो, हे तुझ्या लक्षात राहिलं.

माझ्या हाताखाली अकरा जण शिकून गेले. मी प्रत्येकाच्या कामात चूक काढली आणि माझ्या कामात कोणाला काढू दिली नाही, कारण कोणाला सापडलीच नाही. तुला सापडली. तुझ्या मामाचं चुकलं होतं आणि तुझं बरोबर होतं, हे मी शुद्धीत लिहून देतो आणि खाली सही करतो, म्हणजे कोणी विचारलं तर हा कागद दाखव.

तुझा,
मामा